आभाळातली उधारी

उन्हाळ्यात तळेगावला गेलो की मी अजूनही अंगणातच झोपतो. तळेगाव म्हणजे तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावं इतकी आहेत की पुढे श्यामजी पंत लिहिल्याशिवाय आमच्या गावाची ओळख पुरी होत नाही. नागपूरहून अमरावतीकडे निघालात की शंभरेक किलोमीटरवर ते लागतं. एक फाटा आर्वीला जातो, एक आष्टीला. बहुतेकांनी आमचं गाव एसटी बदलताना, हातात चहाचा कप धरून पाहिलेलं असतं.

या उन्हाळ्यात एका रात्री शेजारच्या बाजेवर दादा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर, संत्र्याची बाग, थोडी कपाशी, थोडी तूर. वरून एक विमान गेलं. लाल दिवा उघडझाप करत पूर्वेकडे सरकत होता.

"हे अमेरिकेले जाते का रे?" दादाने विचारलं.

"नाही. कोलकात्याचं असेल."

"मंग तुह्या अमेरिकेच्या इमानाले किती डिझल लागत असन?"

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडा विचारला की त्याला गप्प बसवत नाही. मी उठून बसलो. विमानात डिझेल नसतं, रॉकेलच्या जातीचं इंधन असतं, इथून सुरुवात केली. "म्हणजे आमचं राशनचं रॉकेल बंद केलं ते वर जाळून राह्यले का?" असं म्हणून दादा हसला. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं मोठं विमान एका खेपेला शंभर टनांवर इंधन पितं. माणशी वाटणी केली तर जाऊन-येऊन सातशे-आठशे लिटर पडतात.

"दोघांचे?"

"एकाचे."

दादा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघं एकडाव जाऊन आले का माह्या ट्रॅक्टरचं दोन वर्सांचं डिझल खतम." आणि कूस बदलून झोपी गेला. मला मात्र झोप आली नाही. त्याचं कारण आठ दिवसांपूर्वी न्यू जर्सीहून आलेला एक तक्ता.

माझी नात अकरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत मुलांना एक काम दिलं होतं: आपल्या कुटुंबामुळे वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्याचा हिशेब मांडायचा. तिने घरातल्या दोन मोटारी मांडल्या, थंडीत घर गरम ठेवणारा गॅस मांडला, वीज मांडली. मग मला फोनवर विचारलं, "आबा, तुम्ही आणि आजी इकडे किती वेळा आलात?" मी कौतुकाने मोजून दाखवलं. २०१४ साली तिच्या जन्माच्या वेळी, मग २०१६, २०१८, २०२२ आणि २०२४. पाच वेळा. दोन दिवसांनी तिने चित्र दाखवलं. रंगीत खांब काढले होते आणि त्यात आमचा खांब सगळ्यांत उंच होता, कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला. वीस टन. तो तिने गुलाबी रंगवला होता, कारण आजीला गुलाबी रंग आवडतो.

मी तिचा हिशेब तपासून पाहिला. सवय जात नाही. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण त्यात हवेतल्या ऑक्सिजनचं वजन मिसळतं. म्हणजे आमची अमेरिकेची एक फेरी माणशी साधारण दोन टनांची. दोघं, पाच फेऱ्या, वीस टन. पोरीचं काही चुकलं नव्हतं. ते वीस टन एका वर्षाचे नसून दहा वर्षांचे आहेत, एवढीच काय ती हरकत मला घेता आली असती. पण मग दुसरा आकडा समोर आला. भारतातल्या सरासरी माणसाचा वर्षाचा वाटा, त्याची वीज, त्याचं सिमेंट, त्याचं पेट्रोल सगळं धरून, दोन टनांच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या माणसाचा चौदाच्या आसपास. मी एकदा लेकीकडे जाऊन आलो की एका भारतीयाचं आख्खं वर्ष जाळून येतो.

वास्तविक विमानाशी माझं नातं फार जुनं, आणि फार प्रेमाचं. आम्ही लहान असताना याच अंगणात रात्री विमानाचा आवाज आला की वडील म्हणायचे, "टपालाचं विमान." आजच्या वाचकांना ती हकिगत ठाऊक नसेल. १९४९ सालच्या जानेवारीअखेर, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, आपल्या देशात रात्रीची विमान-टपाल व्यवस्था सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघत आणि मध्यरात्री आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथं पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परत जायची. साध्या तिकिटाचं पत्रसुद्धा त्यातून जाई. वडिलांना याचा विलक्षण अभिमान होता. ते स्वतः आयुष्यात विमानात बसले नाहीत, पण त्यांनी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला टाकलेलं पत्र बसलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते पुरेसं होतं. आज विचार करताना वाटतं, विमानाचा तो वापर फार शहाणपणाचा होता. एका खेपेत हजारो लोकांचं काम व्हायचं, आणि त्यातला एकही माणूस जागचा हलत नव्हता.

विमानाची किंमत मला कळली ती १९९३ साली. मी तेव्हा मद्रासला होतो. मे महिन्यात सकाळी तार आली, वडील गंभीर. त्या वेळी विमानाचं तिकीट म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याचा जवळजवळ महिन्याचा पगार. घरात तेवढे पैसे नव्हते, मागायला जाण्याइतका वेळ नव्हता. मिळेल ती गाडी धरली. रात्रभर दारापाशी उभा राहून, दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरून, एसटीने तळेगावला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मे महिन्याचं वऱ्हाडातलं ऊन. देह ठेवता येत नाही. दादाने दुपारीच अग्नी दिला होता. मी पोचलो तेव्हा राख गरम होती.

म्हणून विमान म्हणजे श्रीमंतांची चैन, असं कुणी सरसकट म्हणू लागलं की मी त्याला हात जोडतो.

पण त्याच्या पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. यथावकाश बढत्या मिळाल्या, चौथ्या श्रेणीत गेलो आणि विमानाने प्रवास करण्याचा हक्क पदरात पडला. बँकेतल्या मंडळींना एलएफसी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, रजा-प्रवास सवलत. ठरावीक वर्षांच्या मुदतीत कुटुंबासह देशात कुठंही जाऊन या, भाडं बँक देईल. मुदत संपली की सवलत बुडाली. २००७ साली आमची मुदत संपत आली होती. कुठं जायचं याचा विचार आम्ही फार केला नाही. जास्तीत जास्त लांब कुठलं, एवढंच पाहिलं. अंदमान निघालं. नागपूरहून कोलकाता, कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल पाहताना डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. पण आम्ही गेलो होतो ते सवलत बुडू नये म्हणून, हेही तितकंच खरं आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी अधिकाऱ्यांनी असंच केलं. वर्षाच्या शेवटी शाखाशाखांतून ही धावपळ चालायची. ज्या दिवशी मला विमान खरोखर हवं होतं त्या दिवशी ते परवडलं नाही, आणि ज्या दिवशी फुकट मिळालं त्या दिवशी मला कुठं जायचंच नव्हतं.

अलीकडे स्वीडनमध्ये एक शब्द रूढ झाला आहे. २०१८च्या सुमारास तो जगभर गेला. त्याचा अर्थ, उड्डाणाची लाज. ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी २०१९ साली न्यूयॉर्कच्या परिषदेला शिडाच्या बोटीतून गेली, तेव्हा आपल्याकडे तिची बरीच टवाळी झाली. मीही थोडीफार केली असेल. आता वाटतं, वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने तरी तिला हसायला नको होतं.

गांधीजी सेवाग्रामला राहत. तो माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसला नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेला ते 'राजपुताना' बोटीने गेले. ऑगस्टच्या अखेरीला निघून सप्टेंबरच्या मध्याला लंडनला पोचले. इंग्रज सरकार तेवढं थांबलं. विनोबा १९५१च्या मार्चमध्ये पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी. पुढे भूदान सुरू झालं आणि ते सुमारे तेरा वर्षं चालतच राहिले. या दोघांची उदाहरणं देऊन मी वाचकांना पायी चालायला सांगणार नाही. मी स्वतः गुडघ्यांमुळे जिन्यालासुद्धा घाबरतो. मला त्यांतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर कडक टीका केली, आणि ते पुस्तक त्यांनी १९०९ साली आगबोटीवर बसून लिहिलं. पुढे सारा देश त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून पालथा घातला. हा विरोध दाखवून हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. एखादी वस्तू वापरावी लागते म्हणून तिची किंमत मोठ्याने सांगायची नाही, असा काही नियम नाही. उलट वापरणाऱ्यानेच ती सांगितली पाहिजे.

आणि किंमत सांगणारा खरा माणूस वर्ध्यात होता, तो म्हणजे जे. सी. कुमारप्पा. आमच्या जिल्ह्यातसुद्धा हे नाव आता फारसं कुणाच्या तोंडी नसतं. हा तमिळ गृहस्थ व्यवसायाने हिशेबतपासनीस. लंडनला शिकून आलेला. १९३४च्या अखेरीला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत होतं आणि कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. तुरुंगात असताना त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिलं, ते १९४५ साली निघालं. निसर्गाच्या संपत्तीचे ते दोन भाग करत. एक साठ्याची, कोळसा आणि पेट्रोलियमसारखी. काढली की तेवढी कमी झाली. दुसरी प्रवाहाची, जंगलासारखी. जपून घेतली तर दरवर्षी येत राहणारी. बँकेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिली मुदत ठेव, दुसरं तिचं व्याज. ठेव मोडून घरखर्च चालवणाऱ्या कुटुंबाला आम्ही काउंटरवरून सांगत असू की बाबांनो, जरा जपून. आणि इथं तर ठेव आपण ठेवलेलीसुद्धा नाही.

कुमारप्पांच्या काळात हवामानबदल हा शब्द नव्हता. साठा संपेल, ही त्यांची काळजी. साठा संपण्याआधी त्याचा धूरच आपल्याला भारी पडेल, हे पुढे कळलं. पण हिशेबतपासनिसाने पहिलं पान बरोबर उघडलं होतं.

आता हिशेबाचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार उशिरा कळली. बँकेत सस्पेन्स खातं नावाचा एक प्रकार असतो. एखाद्या रकमेची नोंद कुणाच्या नावे टाकायची हे ठरत नाही, तेव्हा ती तात्पुरती तिथं टाकून ठेवतात. तात्पुरती म्हणता म्हणता ती वर्षानुवर्षं पडून राहते. म्हणून तपासणीला येणारा हुशार अधिकारी आधी ते खातं मागवतो. शाखेत काय शिजतंय ते त्याला तिथं कळतं. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या विमानांचा धूर जगाने नेमका अशाच खात्यात टाकला आहे. तो कोणत्याच देशाच्या बेरजेत धरला जात नाही, बाजूला नुसता नोंदवला जातो. १९९७च्या क्योटो करारात तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला आणि तिथं तो निवांत रेंगाळला. भारताच्या खात्यात माझी अमेरिकेची फेरी नाही, अमेरिकेच्याही नाही. अशा उड्डाणांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी करही नाही. १९४४च्या शिकागो करारापासून ती रीत पडत गेली. दादा मात्र ट्रॅक्टरच्या डिझेलच्या प्रत्येक लिटरवर कर भरतो. माझ्या वीस टनांना पहिल्यांदा कुणी खातं आणि नाव दिलं असेल तर ते माझ्या नातीने, गुलाबी रंगात.

नागपूरला सकाळी फिरायला जाणारी आमची निवृत्तांची एक मंडळी आहे. मी हे तिथं बोललो, तर एकच गलका झाला. जगाच्या एकूण धुरात विमानांचा वाटा किती? अडीच टक्के! विजेच्या कोळशाचं बघा, मोटारींचं बघा. अमेरिकेने आधी थांबवावं, मग आम्हाला सांगावं. आपला गरीब देश, माणशी दोन टन, आपण कशाला लाजायचं?

यातला एकही मुद्दा खोटा नाही. अडीच टक्के हा कार्बन डायऑक्साइडचा आकडा बरोबर आहे. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांनीही उष्णता अडते, विशेषतः रात्री. ते धरलं तर वाटा थोडा वाढतो, तरी तो थोडकाच. पण वाटा थोडका का, तेही पाहिलं पाहिजे. विमानात बसणारेच थोडके, म्हणून. २०१८ साली जगातल्या शंभरांपैकी साधारण अकरा माणसं विमानात बसली, आणि प्रवासी विमानांचा निम्मा धूर शंभरातल्या एका माणसाच्या नावावर होता, असं २०२० साली एका अभ्यासात मांडलं गेलं. मी त्या एकात नसेन. पण त्या अकरांत नक्की आहे. माझ्या घरातली धुणंभांडी करणारी बाई नाही, दादा नाही, वहिनी नाही. भारताची सरासरी दोन टन येते ती या लोकांमुळे. ते इतकं कमी जाळतात म्हणून मला दोन टनांचा गरीब म्हणवून घेता येतं. फिरायला जाणाऱ्या मंडळींत आम्ही जेव्हा गरीब देशाचं नाव पुढे करतो, तेव्हा खरं तर मी माझ्या भावाच्या मागे लपत असतो. आणि त्याला विचारून लपत नाही.

दादाने आपल्या बागेचं गाऱ्हाणं माझ्याकडे कधी या संदर्भात मांडलेलं नाही. ते मीच जोडतो आहे, आणि जोडताना बेतानं जोडलं पाहिजे. माझ्या विमानामुळे त्याच्या झाडाचं फळ गळलं, असं म्हणणं खोटं होईल. संत्र्याला शत्रू पुष्कळ. पण आंबिया बहाराला थंडीत ताण द्यावा लागतो आणि त्या ताणाच्या दिवसांत आभाळ कोरडं लागतं. दादा म्हणतो, पूर्वी पंचांग पाहून पाणी तोडता यायचं, आता आभाळ पाहूनही सांगता येत नाही. ऐन ताणात पाऊस येतो. फूल आलं की गारा. एप्रिलात असं तापतं की बोराएवढी फळं गळून पडतात. सावरली तर ऑगस्टच्या झडीत पुन्हा गळ. गेल्या सात-आठ वर्षांत त्याचे दोनच बहार मनासारखे निघाले. हवामान बिघडण्यामागे जगभरची जी असंख्य खाती आहेत, त्यांत एक छोटं खातं माझं आहे. त्याचं मात्र एकही नाही म्हटलं तरी चालेल.

तिकीट काढताना थोडे पैसे जास्त भरा, आम्ही तुमच्या नावाने झाडं लावू, अशी हल्ली सोय असते. मी २०२२ साली त्याऐवजी स्वतःच झाडं लावायची ठरवली. दादाच्या बांधावर वीस कडुनिंब लावले. आज सात उभे आहेत. मी फोटो काढून नातीला पाठवणार होतो, तेव्हा दादा म्हणाला, "पाणी मी घातलं, पुण्य तुले." फोटो पाठवला नाही.

हे सगळं लिहिताना एक धोका मला दिसतो. आमच्यासारखे पाच वेळा जाऊन आलेले म्हातारे तरुणांना उपदेश करू लागतील. म्हणून सांगतो, नागपूर-पुणे विमानात दिवाळीला जी पोरंपोरी भरलेली असतात, त्यांच्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही. त्यांना रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. खासगी बसवाले सणाला भाडं वाटेल तसं चढवतात आणि रात्रभर हाडं खिळखिळी करून देतात. मग पोरं विमानात बसतात. २०२५च्या एप्रिलमध्ये अमरावतीजवळ बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला आणि बहात्तर आसनांचं विमान मुंबईला जाऊ लागलं. आमच्या तळेगावहून तो जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. गावात पेढे वाटणारेही होते. हवाई चप्पल घालणाऱ्या माणसाने विमानात बसावं, असं सरकार म्हणतं. बसू दे बापडा, आजवर आम्हीच बसत होतो. मला फक्त एवढंच दिसतं की त्याच अमरावतीहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबईला उतरता येतं, आणि त्या गाडीचे डबे वाढवा म्हणून कुणी पेढे वाटत नाही. पुलगाव-आर्वी ही पस्तीसेक किलोमीटरची छोटी रेल्वे इंग्रजांच्या काळापासून होती. तिच्या रुळांवर आता गवत आहे. आर्वीच्या माणसाला पुलगावला जायला रेल्वे नाही आणि मुंबईला जायला विमान आहे, अशी ही गंमत.

आता घरची गोष्ट. लेकीला दुसरं मूल होणार आहे. नोव्हेंबरात. दोघांनी यावं असा तिचा आग्रह. सगळं ठरल्यासारखंच होतं. मी एका रात्री जेवताना म्हटलं, या वेळी मी राहू का इथं? बायकोने वाढता वाढता हात थांबवला. "तुमचा हिशेब तुमच्याजवळ ठेवा," ती म्हणाली, "बाळंतपणाला आईने जायचं नाही तर कुणी?" ती जाणार यात प्रश्नच नव्हता. जायलाच हवं. १९९३चा मे महिना मला आठवतो; जन्म आणि मरण या दोन वेळांना माणसाने पोचलं पाहिजे, मग त्याला कितीही लिटर लागोत. पण माझं तिथं काय काम? मागच्या दोन्ही खेपांना मी तिथं काय केलं, ते आठवून पाहिलं. सकाळी एकदा फिरून यायचं, दुपारी झोपायचं, भारतातल्या बातम्या पाहायच्या, शनिवारी-रविवारी जावई कुठंतरी नेईल तिथं जायचं. नायगारा तीन वेळा पाहिला. नोव्हेंबर म्हणजे इकडे दादाची संत्री उतरायचे दिवस. व्यापारी बागेत येतो, आकडा टाकतो, दादाला आता नीट दिसत नाही. तिथं माझं काम आहे.

हे सगळं इतकं सोपं नाही, हे मलाही कळतं. खर्च वाचतो म्हणून मी राहतोय का? विमानात सोळा तास बसवत नाही म्हणून? मी तिकडे असताना दादाचं काही बरंवाईट झालं तर, ही भीती आहे म्हणून? नातीने फोनवर सरळ विचारलं, "आबा, तुम्ही माझ्या चार्टमुळे येत नाही का?" मी म्हटलं, नाही गं. मग म्हटलं, थोडंसं. ती रडवेली झाली. तिला टन कमी करायचे होते, आबा कमी करायचा नव्हता. तिची समजूत काढायला तिच्या आईला अर्धा तास लागला आणि माझ्यावर मायलेकी दोघीही अजून रुसलेल्या आहेत. नवं बाळ मी पुढच्या वर्षी पाहीन, ते इकडे येतील तेव्हा. तेही विमानानेच येतील, आणि तिघांचे चौघं होऊन येतील. म्हणजे हिशेबात मी काय मिळवलं, ते तुम्हीच पाहा.

एकच तिकीट काढलं आहे. बायको पूर्ण सहा महिने राहणार, दोन-दोन महिन्यांच्या तुटक फेऱ्या करणार नाही, एवढं तिनेही मान्य केलं. सध्या घरात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी यांचे ढीग लागले आहेत. ताणकाट्याला बॅग लावून वजन चाललं आहे. काल तेवीस किलोंच्या वर काटा गेला, तेव्हा तिने लाडवांचा एक डबा बाहेर काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही आला असतात तर आणखी दोन बॅगा नेता आल्या असत्या."